मुलं किती?

पहाटे ५.५०

गजर सहाचा लावलेला असतो, पण तो वाजायच्या आत मला जाग येते. शाळेत घालायच्या आधी मी आईबाबांबरोबर ऊसतोडीला जायचे. फडावर पहाटे तीन-साडेतीनला हाका सुरू होतात. ती सवय अंगात मुरलीय. त्या मानाने देवनारचं सहा म्हणजे चांगलंच उजाडलेलं. रूममेट बंगालमधल्या माल्द्याची. ती आठशिवाय उठत नाही आणि उठल्यावर दहा मिनिटं कुणाशी बोलत नाही. आमचं छान जमतं.

खिडकीबाहेर पाऊस लागलाय. सप्टेंबर निम्मा झाला तरी मुंबईचा पाऊस जायचं नाव घेत नाही. वारा वळला की देवनारच्या डम्पिंग ग्राउंडचा वास येतो. हे डम्पिंग १९२७ पासूनचं. आमची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे सगळे म्हणतात ती आयआयपीएस, १९५६ ची. कचऱ्याचा डोंगर आमच्याहून २९ वर्षांनी थोरला. जो दिसेल त्याचं वय काढायचं, हा आजार पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यातच लागतो.

६.४५

पाऊस उघडला म्हणून गोवंडी स्टेशनपर्यंत चालत गेले. हार्बरच्या गाडीतून माणसं उतरतात, तितकीच चढतात. मी चहा घेऊन कडेला उभी राहते आणि मनातल्या मनात सगळ्यांना पाच-पाच वर्षांच्या डब्यांत भरते. ती कडेवर पोर घेतलेली, २०-२४. तिच्या मागून येणारी सासू असेल तर ४५-४९, आई असेल तर थोडी अलीकडे. शाळेच्या गणवेशातला घोळका, १०-१४. साठीपुढची माणसं कमी दिसतात. ती घरी असतात की नसतातच, हे स्टेशनवर उभं राहून कळत नाही. हे मला पहिल्या महिन्यात कळलं नव्हतं. मी वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं होतं, "या भागात म्हातारी माणसं कमी, म्हणजे इथं माणसं लवकर मरतात." सरांनी फक्त विचारलं, "इथं राहायला येतं कोण?" कामाला येतात ती तरुण माणसं. म्हातारी गावाकडे राहतात. माझ्या घरचीच गोष्ट, आणि ती मला दुसऱ्याने सांगावी लागली.

९.३०

पहिला तास मृत्यूचा. कुणी मरण इतक्या शांतपणे शिकवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

आज सरांनी फळ्यावर दोन राज्यं लिहिली, बिहार आणि केरळ. नमुना नोंदणी योजनेचे, म्हणजे एसआरएसचे, २०२० चे आकडे. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला मृत्यू बिहारमध्ये ५.४, केरळमध्ये ७.०. "आता सांगा, जगायचं असेल तर कुठे जाल?" पाटण्याचा मुलगा मागून ओरडला, "सर, बिहार में आपका स्वागत है!" वर्ग हसला. मग सरांनी खाली दुसरी ओळ लिहिली. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे वर्षाच्या आत जाणारी बाळं बिहारमध्ये २७, केरळमध्ये ६. हसू थांबलं.

कोडं अवघड नाही, पण एकदा स्वतः अडकल्याशिवाय सुटत नाही. केरळमध्ये माणसं जास्त मरतात, कारण तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत. आणि म्हातारी जास्त आहेत, कारण ती लहानपणी मेली नाहीत. बिहारची लोकसंख्या तरुण, म्हणून ढोबळ दर कमी. म्हणून त्या दराच्या नावातच 'ढोबळ' हा शब्द आहे. वर्तमानपत्रात तो शब्द गळतो आणि उरतो नुसता आकडा. कुठल्याशा वस्तीत मरणाऱ्यांचं सरासरी वय तिशीत असल्याची बातमी वाचली की मी पूर्वी हळहळायचे. आता आधी विचारते, त्या वस्तीत राहतात किती वर्षांची माणसं? हळहळ नंतरही करता येते.

तासाच्या शेवटी जॉन ग्राँट आला. लंडनचा, सुईदोरा-बटणं असलं सामान विकणारा दुकानदार. शहरात दर आठवड्याला मेलेल्यांच्या याद्या छापल्या जायच्या. लोक त्या वाचून प्लेगची चाहूल घ्यायचे आणि फेकून द्यायचे. याने त्या जमवल्या आणि १६६२ साली त्यांवर पुस्तक काढलं. त्यात एक तक्ता आहे: शंभर जीव धरले तर ३६ सहा वर्षांच्या आत जातात, सोळाव्या वर्षी ४० उरतात, आणि ७६ व्या वर्षी एक. बराचसा अंदाजच होता, पण असं कुणी मांडलं नव्हतं. मला मात्र तक्त्याहून त्या याद्या करणाऱ्या बायका लक्षात राहिल्या. मेलेल्याच्या घरी जाऊन, प्रेत बघून, कशाने मेला हे सांगायचं काम लंडनमध्ये म्हाताऱ्या, गरीब बायकांकडे असायचं. थोडे पैसे मिळायचे. सगळं लोकसंख्याशास्त्र त्या दाराशी सुरू होतं, आणि पुस्तकावर नाव ग्राँटचं.

११.१५

कॉम्प्युटर लॅब. आजचं काम: आपापल्या जिल्ह्याचा जनगणनेतला सी-१३ तक्ता उघडायचा आणि व्हिपल निर्देशांक काढायचा. सी-१३ म्हणजे एकेक वर्षाच्या वयाची यादी. शून्य वर्षाचे इतके, एक वर्षाचे इतके, दोन वर्षांचे इतके, असं शंभरच्या पुढपर्यंत.

आकडे अजून २०११ चेच. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर आम्ही चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या माणसांवर हात बसवतोय.

मी बीडचा तक्ता घेतला आणि आलेख काढला. वय वाढेल तसा उतरत जाणारा छान उतार यायला हवा. आला कंगवा. तीसला दात, पस्तीसला दात, चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, आणि साठला तर सुळा. एकोणतीस आणि एकसष्ट म्हणजे खड्डे. बीड जिल्ह्यात एकसष्ट वर्षांचं माणूस जणू राहतच नाही.

याला वयाचं गोळा होणं म्हणतात. माणसाला वय माहीत नसलं की तो शून्य किंवा पाचावर टेकतो. व्हिपलमध्ये २३ ते ६२ वयाची माणसं घ्यायची, त्यातली शून्य आणि पाचावर संपणाऱ्या वयाची वेगळी काढायची, पाचाने गुणायचं, एकूण भागिले, गुणिले शंभर. शंभर आलं तर कुणी गोळा झालं नाही. सगळ्यांनीच शून्य-पाच सांगितलं तर पाचशे.

शेजारी बसलेला आसामचा मुलगा म्हणाला, "तुमच्याकडचे लोक खोटं बोलतात." मी म्हटलं, "खोटं नाही. विचारणाऱ्याला घाई असते."

हे मला माहीत आहे, कारण साठच्या त्या सुळ्यातलं एक माणूस माझी आजी आहे. फेब्रुवारी २०११. मी पहिलीत होते. आमच्याच शाळेतले मास्तर शिरगणतीला आले होते. 'जनगणना' हा शब्द आजीला अजून येत नाही, ती शिरगणतीच म्हणते. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम भरात असतो. पाटोद्याकडच्या गावांत तेव्हा घरी सापडतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री. आईबाबा कारखान्यावर होते. ओट्यावर बसून सगळी उत्तरं आजीनेच दिली. मास्तरांनी वय विचारलं. आजी म्हणाली, "लिवा की, काय लिवायचं ते." मास्तर माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "साठ लिहितो." ते साठ आज माझ्या स्क्रीनवर आहे. रकान्यात हजारो माणसं आहेत, त्यात तिला बोट दाखवून दाखवता येत नाही एवढंच.

आईबाबा त्या वेळी कुठे मोजले गेले, आमच्या ओट्यावर की कारखान्यावरच्या झोपडीत, म्हणजे कोपीवर, की दोन्हीकडे, की कुठेच नाही, हे घरात कुणाला सांगता येत नाही. फडावर तर मोजायची पद्धतच निराळी. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. ही गणती मात्र कधी चुकत नाही.

कागदावर तारीख असली म्हणजे वय खरं, असंही नाही. बाबा १ जूनला जन्मले, मधले काका १ जूनला, धाकटे काका १ जूनला. सालं तेवढी वेगळी: १९७८, १९८०, १९८३. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. पोर जूनमध्ये सहा वर्षांचं पुरं दिसलं पाहिजे, एवढाच तिचा उपयोग. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा वाढदिवस असा एकाच दिवशी येतो. माल्द्याच्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तिच्या वडलांचा २ जानेवारी. तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं. मग आसामवाल्यानेही वडलांची तारीख सांगितली आणि खोटं बोलणाऱ्यांचा विषय तिथेच मिटला.

दुपारी १.१०

जेवण. टेबलावर सहा जण, पाच भाषा. मुंबईत येऊन मराठी बोलायला मला वर्गाबाहेर जावं लागतं, रिक्षावाल्याशी किंवा ग्रंथालयातल्या मामांशी. वाईट वाटत नाही, गंमत वाटते.

२.००

प्रश्नावलीचा सराव. दिवसातले हे दोन तास मला सगळ्यात जड जातात, आणि सगळ्यात जास्त हवेसेही वाटतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची केंद्रीय संस्था म्हणजे आयआयपीएस. पहिलं १९९२-९३ मध्ये झालं. पाचव्यात, २०१९ ते २१ मध्ये, ६,३६,६९९ घरं आणि ७,२४,११५ बायका. त्यातून महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला, देशाचा २.०. त्यातूनच निघालं की महाराष्ट्रात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वर्षांच्या, बायकांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झाली होती. बीडमध्ये ४३.७. बीडच्या आकड्याला वर्गात सगळे माझ्याकडे बघतात. त्यात माझ्या वर्गमैत्रिणी नाहीत, त्या तेव्हा लहान होत्या. माझ्या चुलतबहिणीची पिढी आहे ती. पुढे आमची येईल. कोयता पूर्ण व्हायला बायको लागते, हे कारण मला माहीत आहे. प्रश्नावलीत त्याचा रकाना नाही.

आज जन्मांचा इतिहास. मॅडमनी जोड्या लावल्या, एकीने विचारायचं, दुसरीने गावातली बाई व्हायचं. सुरुवातीला संमती. मग आजूबाजूला कुणी आहे का ते बघायचं. सासू दारात, नवरा खाटेवर असेल तर थांबायचं, नंतर यायचं. बाई घरी नसली, नाही म्हणाली, नंतर या म्हणाली, तर त्याचेही कोड असतात. रिकाम्या हाताने परत आलात तरी रकाना रिकामा ठेवता येत नाही.

मग प्रश्न. माझ्यासारखीने प्रश्नावली केली असती तर एक ओळ पुरली असती: तुम्हाला मुलं किती? इथे तो एक प्रश्न फोडून सहा केलेत. तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती? मुली किती? दुसरीकडे राहणारे मुलगे? मुली? आणि जिवंत जन्मून नंतर वारलेले मुलगे? मुली? नाही म्हणाली तर पुन्हा खोदायचं: जन्मल्यावर रडलेलं, श्वास घेतलेलं, पण वाचलं नाही असं कुणी?

इंग्रजीत वाचताना हे मला पाल्हाळ वाटलं होतं. मराठीत आणल्याबरोबर शहाणपण दिसलं. आपल्या भाषेत 'मुलं' म्हणजे लेकरं सगळी, आणि बऱ्याच घरांत 'मुलं' म्हणजे फक्त मुलगे. "मुलं दोन, मुली तीन," असं आपण सहज म्हणतो. दारात जाऊन "मुलं किती?" विचारलं तर उत्तर दोन येईल, आणि तीन पोरी कागदावर जन्मायच्या राहतील. सासरी गेलेल्या तर आधी राहतील. त्या आता दुसऱ्या चुलीवर जेवतात, आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, ही व्याख्या आजीला पाठ्यपुस्तकाआधीपासून येते.

प्रश्नांच्या तिसऱ्या जोडीचं, म्हणजे वारलेल्या लेकरांच्या प्रश्नांचं, काय करायचं, यावर आम्ही अर्धा तास घालवला. छापील मराठीत 'मृत्यू पावलेली' असतं. गावात लेकरासाठी हा शब्द कुणी वापरत नाही. 'गेलं' म्हणतात, 'दगावलं' म्हणतात, 'टिकलं नाही' म्हणतात. 'मेलं' तर शिवी देतानाच. मॅडम म्हणाल्या, छापलंय तसंच वाचायचं, नाहीतर प्रत्येक गावात वेगळा प्रश्न होईल. त्यांचं बरोबर आहे. दरांची तुलना करायला तोच प्रश्न सगळीकडे जायला हवा. पण बाईच्या तोंडाकडे बघून तो वाचवणार नाही, हेही खरं आहे.

मृत बाळं मोजायला किती अवघड जातात हे महाराष्ट्राला २००१ मध्ये कळलं, अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने. सरकारी नोंदीत येणाऱ्या बालमृत्यूंपेक्षा खरे कितीतरी जास्त होते. गडचिरोलीत त्यांनी हे काम गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळ जन्मलं की घरी जायचं, वजन घ्यायचं, श्वास मोजायचा, गेलं तर तेही लिहायचं. गावच्या बाईला गावची बाई सांगते. त्याच बायकांनी घरी जाऊन केलेल्या उपचारांनी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. ग्राँटच्या म्हाताऱ्या मला पुन्हा आठवल्या. या वेळी त्यांना शिकवलं होतं, आणि त्या प्रेतापर्यंत थांबत नव्हत्या.

माझ्या जोडीला माल्द्याची. आधी ती विचारणार, मी बाई होणार. मी ठरवलं, आजी व्हायचं. जवळ राहणारे मुलगे तीन. दुसरीकडे राहणाऱ्या मुली दोन. मग एकेक जन्म क्रमाने: थोरली आत्या १९६८, धाकटी आत्या १९७०, बाबा १९७८, काका १९८०, धाकटे काका १९८३.

"थांब," ती म्हणाली आणि कागदावर बोट ठेवलं. दोन जन्मांत मोठं अंतर दिसलं की परत विचारायचं, असा नियम आहे. मधे आणखी कुणी जन्मलं होतं का? "१९७० आणि १९७८. आठ वर्षं. मध्ये काही?"

मधे बहात्तरचा दुष्काळ होता. आजी तेव्हा खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची, पाझर तलावाच्या भरावावर तिच्या हाताची माती आहे. हे सगळं मला माहीत आहे. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही. एकवीस वर्षं मी त्या घरात आहे.

"माहीत नाही," मी म्हटलं. तिने 'माहीत नाही'चा कोड शोधला. जन्मांच्या रकान्यात तो नव्हता. बाईला माहीत असतं, असं धरलेलं आहे.

४.२०

ग्रंथालय. जनगणनेच्या जुन्या खंडांच्या कपाटापाशी जमिनीवर बसलं तर कुणी उठवत नाही. १९११ मध्ये आजच्या भारताच्या भूभागात २५.२ कोटी माणसं, १९२१ मध्ये २५.१. दहा वर्षांत कोट्यवधी पोरं जन्मली आणि तरी माणसं घटली. मधे १९१८ ची साथ होती. मुंबईच्या बंदरातून शिरली, रेल्वेने पसरली. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. इन्फ्लुएंझा हा शब्द मला परीक्षेसाठी लागतो, पण काय झालं असेल ते मानमोडी म्हटल्यावर कळतं.

त्या दशकातलं भारताचं सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास होतं. याचा अर्थ लोक विशीत मरत असा नव्हे. निम्मी-अर्धी लेकरं पाळण्यातून उठलीच नाहीत की सरासरी तिथे येते. जे वाचायचे ते म्हातारेही व्हायचे.

६.३०

लाइफ टेबलची असाइनमेंट. एक लाख बाळं घ्यायची, सगळी एकाच क्षणी जन्मलेली, आणि दिलेल्या मृत्युदरांनी त्यांना एक्सेलमध्ये शेवटपर्यंत पोचवायचं. प्रत्येक वयाला किती उरले, ते सगळे मिळून किती वर्षं जगले, भागिले, आयुर्मान. हे एक लाख कुठल्याच गावचे नाहीत. तरी शून्य वर्षाच्या ओळीत काही हजार खोडले जातात तेव्हा मी नकळत हळू टाइप करते.

आज माझी माणसं उणे झाली. ऐंशीच्या पुढे जिवंत माणसं वजा चारशे काहीतरी. म्हणजे उरली होती त्याहून जास्त मेली. सूत्र खाली ओढताना एक डॉलरचं चिन्ह तसंच राहिलं होतं आणि प्रत्येक वयाचे मृत्यू पहिल्याच घरावरून निघत होते. पाटण्यावाल्याने ते शोधलं आणि म्हणाला, "तूने तो भूत मार दिए." शेवटच्या ओळीत मरणाची शक्यता एक धरायची असते. तिथे चूक करता येत नाही, एक्सेलही काही बोलत नाही.

दोन तास गेले. मेस बंद व्हायच्या आत पळाले.

रात्री ८.५०

घरी फोन. बाबांचा मोबाइल, स्पीकर चालू, सगळे ओसरीवर बसलेले. आईने विचारलं ताप-बीप नाही ना, बाबांनी विचारलं पैसे आहेत का, काकूने विचारलं समुद्र बघितला का. तीन महिने झाले, अजून बघितलेला नाही. मग आजी.

"जेवलीस का माय?"

"जेवले. तू?"

"मला काय हुतंय. भाकर मिळती का तितं?"

"पोळी मिळते."

"पोळीनं काय हुतंय."

मी म्हटलं, "आजी, अभ्यासाला हवंय. तुझं वय किती गं?"

"आसंल की सत्तर-पंच्याहत्तर."

एका वाक्यात शून्य आणि पाच दोन्ही. मला हसू आलं. वय माहीत नसेल तर गावातल्या मोठ्या घटना धरून मागे जायचं असतं, तशी घटनांची यादीच करून नेतात. मी विचारलं, "रझाकार हटवायला मिल्ट्री आली तेव्हा तू होतीस?"

"कुठली! मी पोटात. आई सांगायची, समदं गाव वढ्यात जाऊन बसलं व्हतं, आन् तिला पाचवा म्हैना."

सप्टेंबर १९४८ ला पाचवा. म्हणजे १९४९ ची संक्रांत किंवा त्यापुढचा महिनाभर. मास्तर आले तेव्हा ती बासष्टची होती. आता ७६ पूर्ण. ग्राँटच्या तक्त्यात शंभरातला जो एक उरतो, तो.

"शहात्तर आहे तुझं," मी सांगितलं.

"शहात्तर?" ती जरा वेळ थांबली. "बरं. ल्ही."

पुढचं मी मुद्दामच चुकीचं विचारलं. "आणि आजी, मुलं किती तुला?"

"तीन न्हाईत का! तुझा बाप आन् तुझे काका."

"आणि आत्या?"

"त्या दोघी. तू मुलं इचारलंस."

ओसरीवर सगळे हसले. मीही हसले. तिसरी जोडी जिभेवर होती. मागे बाबांचा खोकला ऐकू येत होता, काकू भांडी आवरत होती, कुणीतरी टीव्ही बारीक केला.

आजीच म्हणाली, "आजून काय इचारायचंय का?"

"आहे एक. पण..."

"ह्या फोनात समदी ऐकतेत न्हवं?"

"हो."

"मग उद्या कर. धाच्या सुमाराला. समदी रानात गेली की."

दहाला तास असतो. मी हो म्हटलं.